अप्पांच्या तांब्यातलं पानक

त्या अमावास्येला आमच्या घरात दारूचा एक थेंबही शिरणार नव्हता. मी तसं ठरवलं होतं, आणि मी ठरवलं की ते होतं, अशी चामराजपेटेतल्या आमच्या गल्लीत माझी ख्याती आहे. मला बघून भाजीवाली सडके टोमॅटो आपणहून बाजूला काढते. मग तीन नातेवाइकांना दारात अडवणं म्हणजे काय मोठंसं?

पितृपक्षाच्या शेवटच्या अमावास्येला आमच्याकडे ‘एडे’ ठेवतात. शब्द कानडी आहे, पण आमची मराठ्यांची घरं इतक्या पिढ्या बंगळुरात मुरलीत की पितरांनाही आता कानडीच समजत असावं. केळीच्या पानावर गेलेल्या माणसाच्या आवडीचं सगळं वाढायचं. मटण, वडे, नाचणीचे मुद्दे म्हणजे शिजवलेल्या पिठाचे गोळे, विडीवाल्याला विडी, पिणाऱ्याला बाटली. पान फोटोपुढं मांडायचं, एकेकानं वाकून नमस्कार करायचा, मग खोलीचं दार लावून सगळ्यांनी बाहेर थांबायचं. तेवढ्या वेळात पितर निवांत जेवून जातात. त्यांच्या पेल्यात राहिलेलं धाकट्या भावानं संपवायचं.

अप्पांना जाऊन वर्ष झालं होतं. त्यांचा हा पहिलाच महालय. आणि अप्पांना ब्रँडी आवडायची. मटण आवडायचं, मी आवडायचे, पण ब्रँडीचं नाव निघालं की त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते आम्हा दोघांच्याही वाट्याला कधी आलं नाही.

त्यांच्या छातीत ठोका चुकायचा. चुकायचा म्हणजे ठोक्यांची शिस्तच मोडली होती. दोन घाईघाईनं, मग दम खाऊन एक, मग तीन-चार एकमेकांच्या पायात पाय घालून पडल्यासारखे. “आत कुणीतरी गोट्या खेळतंय,” अप्पा म्हणायचे. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, हृदयाचे वरचे कप्पे थरथरतायत, दारूनं ती थरथर वाढते, रक्त साकळतं, आणि एखादी गुठळी मेंदूत गेली की संपलं. पिणं सोडा. अप्पांनी नम्रपणे मान डोलावली. येताना रिक्षात मला म्हणाले, “चांगला माणूस आहे गं, पण पीत नसावा.” त्यानंतर त्यांनी दवाखान्याची पायरी चढली नाही. मी चपला पुढं ठेवून, “अप्पा, चला,” म्हणायचे. ते चपलांकडे बघायचे आणि पेपर उचलायचे.

मग मी घरातल्या सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या. अप्पा शेजारी उभे राहून बघत होते, पाहुण्याला गाडीत बसवून द्यायला आल्यासारखे. “सोडली,” ते म्हणाले. मी विश्वास ठेवला. पुढं वर्ष सरायच्या आत गुठळी मेंदूत गेली आणि अप्पा गेले.

तेराव्याच्या पंगतीत गोजराबाई आत्या मला म्हणाली, “रोजचं होतं त्याचं. तू एकदम तोडलंस. मुळाचं पाणी तोडल्यावर झाड उभं राहील का, वसू?”

 सगळे माना खाली घालून भात कालवत राहिले. पुढं वर्षभर ते वाक्य माझ्या मागं फिरत होतं. लग्नात, बारशात, एकदा तर बनशंकरीच्या देवळाच्या रांगेत एका अनोळखी बाईनं माझा हात धरून म्हटलं, “तूच का ती, बापाची तोडणारी?”

तेव्हा, वाचकहो, प्रश्न बाटलीचा नव्हता. अप्पांच्या फोटोपुढं बाटली ठेवणं म्हणजे आत्याचा निकाल मान्य करून त्यावर सही करणं. मी सही करणार नव्हते. अप्पांच्या पितळी तांब्यात मी गुळाचं पानक केलं, सुंठ आणि वेलदोडा घालून, आणि तो पानाशेजारी ठेवला. अर्धाच भरला, कारण अप्पा गोड फार पीत नसत. मग खुर्ची घेऊन दारात बसले.

पहिली आली आत्या. पिशवीत एक औषधाची बाटली.

“हे काय?”

“कषाय. काढा, खोकल्याचा. आता माझा खोकलाही तुला विचारून काढू?” असं म्हणून ती खोकली. खोकला खरा वाटला. मी सोडलं.

मागून येसाजी काका आणि राजलक्ष्मी काकू. काका हे अप्पांचे धाकटे भाऊ. मार्केटजवळ दोघा भावांचं पत्र्याच्या ट्रंकांचं दुकान होतं, आता काका एकटेच चालवतात. काकूच्या हातात गंगाजळाचा गडू होता, लाल फडक्यानं तोंड बांधलेला. गंगेचा वास घेण्याइतकी मी पुढारलेली नाही. तो सोडला. पण काकांच्या हातात थर्मास होता.

“कॉफी,” काका म्हणाले.

मी झाकण उघडलं. कॉफीला तसा वास येत असता तर मी स्वतः रोज चार वेळा घेतली असती.

“स्वल्प आहे गं. अण्णासाठी. वर्षाचा दिवस.” काका आणि आत्या अप्पांना अण्णा म्हणत.

“काका, ह्यानंच गेले ते.”

“ह्यानं गेला, का हे नसल्यानं गेला,” आत्या आतून म्हणाली, “ते देवाला ठाऊक.”

मी थर्मास मोरीत उपडा केला. काका इतक्या सहज ‘सरी, सरी’, म्हणजे बरं बरं, म्हणाले की मला शंका यायला हवी होती. पण जिंकलेल्या माणसाला शंका येत नाहीत. मला तर थर्मास विसळून वाळत घालावासा वाटत होता, झेंड्यासारखा.

नमस्कार सुरू झाले. प्रत्येकानं आत एकटं जायचं, अप्पांपाशी काय बोलायचं ते बोलायचं. मी दारात पाठ करून उभी राहिले. दुसऱ्याच्या दुःखाकडे बघू नये, एवढं वाचन माझं आहे. आत्या आत बराच वेळ वाकून होती. मग काकू. मग काका. तिघांच्या वेळी आतून अगदी हलका, गुडगुडता आवाज आला, हुंदका गिळल्यासारखा. मला भरून आलं. वाटलं, कितीही बोलली तरी माणसं आपली आहेत, अप्पांवर जीव होता ह्यांचा.

दार लावलं. आम्ही चौघं व्हरांड्यात बसलो. आत्या जपमाळ ओढत होती. काकू शेजारच्या घराच्या मोजमापावर बोलत होती. काका फक्त दाराकडे बघत होते.

दार उघडलं. मी आत गेले आणि थबकले. तांब्या काठोकाठ भरलेला होता.

“अर्धाच ठेवला होता मी,” मी म्हटलं.

तिघांनी तांब्याकडे पाहिलं. मग तिघांनीही, एकमेकांना दिसणार नाही अशा बेतानं, भिंतीकडे पाहिलं.

“प्यायला नाही अण्णा,” आत्या म्हणाली. “उलट भरून ठेवलं. म्हणजे बघ, तुझं पानक त्याला किती आवडलं असेल.”

काकांनी रीतीप्रमाणे तांब्या उचलला. एक घोट घेतला आणि त्यांचे डोळे मोठे झाले. दुसरा घेतला, फोटोकडे पाहिलं. त्या नजरेत अशी कृतज्ञता होती की मी काकूला हळूच कोपरानं ढोसलं. तिसऱ्या घोटानंतर काका थांबलेच नाहीत. पितळेचा तांब्या, शेराचा, त्यांनी एका दमात उपडा केला आणि मिशा पुसल्या.

“पानक असं करावं,” ते म्हणाले. “असं करावं पानक.”

मला काय वाटलं म्हणून सांगू! मला वाटलं, वीस वर्षं पिणारा माणूस गुळाच्या पाण्यानं जिंकला मी. आरोग्य खात्यानं मला बोलावून घ्यावं आणि जिल्हाजिल्ह्यांत पानक करायला पाठवावं. “आणखी करू का, काका?” मी विचारलं. काका म्हणाले, “नको, हृदय भरून आलं.”

हे त्यांनी उगाच म्हटलं नव्हतं.

जेवणं झाली. काका खूप हसले, अप्पांच्या लहानपणीच्या गोष्टी सांगितल्या, त्यातली एक तीनदा सांगितली. मग विड्याला चुना लावता लावता त्यांचा हात थांबला. पान खाली पडलं. घाम फुटला. उजवा हात छातीवर गेला, नेमका तसाच, पंजा पसरून, जसा अप्पांचा जायचा. आणि माझ्याकडे बघत ते बारीक आवाजात म्हणाले, “वसू, आत कुणीतरी गोट्या खेळतंय गं.”

माझ्या पाठीवर काटा आला. पण माझा काटा आणि आत्याचा काटा वेगळे होते.

“आला,” आत्या म्हणाली. ती उठली आणि काकांच्या पायांवर पडली. “अण्णा आला! त्याचंच बोलणं, त्याचाच हात. अण्णा, मी गोजरा. ओळखलंस का रे?”

काकांना धाप लागली होती. ते म्हणाले, “अय्यो.”

“अय्योच म्हणायचा तो,” आत्या रडत म्हणाली.

राजलक्ष्मी काकूनं गडबडीनं डोक्यावर पदर घेतला आणि खांबामागं सरकली. नवऱ्याच्या थोरल्या भावापुढं ती कधी उघड्या डोक्यानं उभी राहिली नव्हती, मग तो भाऊ आज नवऱ्याच्याच अंगात बसलेला का असेना.

मी काकांचं मनगट धरलं. अप्पांची नाडी मी इतक्या वेळा धरली होती की अंधारात, शंभर माणसांतून ओळखली असती. दोन घाईघाईनं, दम खाऊन एक, मग धडपडलेले तीन-चार. तीच होती. बोटांखाली तीच. एक क्षण, फक्त एक क्षण, मलाही आत्याचंच खरं वाटलं, आणि मी ते मनगट सोडलं नाही.

मग मी म्हटलं, “दवाखान्यात न्यायला पाहिजे. आत्ता.”

“हात काढ,” आत्या म्हणाली. “अंगात आलेल्याला दवाखाना दाखवतात का? वर्षानं आलाय माझा भाऊ. जेवला, आता चार शब्द बोलेल. अण्णा, माझ्या मोत्याच्या कुड्या आईनं कुणाला दिल्या होत्या रे?”

“आत्या, हा रोग आहे. अप्पांना होता तोच. नाडी बघ.”

“मग? नाडी त्याचीच असणार. तोच आलाय.”

 मी काकूकडे वळले. “काकू, तुम्ही तरी सांगा. तुमचा नवरा आहे.”

“आत्ता नाहीये,” काकू पदराआडून म्हणाली.

काका पांढरे पडत चालले होते. मी दारातून धावत जाऊन काकांच्या चपला आणल्या, त्यांच्या पायांपुढं ठेवल्या, आणि जमेल तेवढ्या नेहमीच्या आवाजात म्हटलं, “अप्पा, चला.”

काकांनी चपलांकडे पाहिलं. मला वाटलं, आता पेपर मागतील. पण त्यांनी पाय चपलांत घातले आणि उठले.

आत्याचं तोंड उघडंच राहिलं. अण्णाच निघाला म्हटल्यावर तिला अडवता येईना. तीही उठली, फोटोपुढची पेटती उदबत्ती उचलून मागं आली.

रिक्षात आम्ही चौघं. रिक्षावाल्यानं मागं वळून कानडीत विचारलं, काय झालं? मी तोंड उघडायच्या आत आत्यानं सांगून टाकलं की आमचा गेलेला अण्णा आलाय. त्यानं आरशात काकांना नमस्कार केला. पुढच्या सिग्नलला त्यानं इंजिन बंद केलं आणि अदबीनं विचारलं, “स्वामी, माझ्या मुलीचं लग्न ह्या वर्षी जुळेल का?”

“हो, हो,” काका छाती दाबत म्हणाले. “सिग्नल सुटला, चल.”

त्यानं इतकी जोरात रिक्षा हाणली की एवढ्या वेगानं दवाखान्यात पोचण्याचं श्रेय मी आजही त्या न जुळलेल्या लग्नाला देते.

दवाखान्यात ड्यूटीवर एक तरुण डॉक्टरीण होती. ती कानडीत बोलली, मी मराठीत सांगते. तिनं काकांना खाटेवर निजवलं, छातीला तारा लावल्या, यंत्रातून कागदाची पट्टी बाहेर आली. त्या पट्टीवरच्या रेघा मी ओळखल्या. अप्पांच्या पट्ट्यांवर असायच्या तशाच, वाटेल तिथं उड्या मारणाऱ्या.

“ह्यांनी किती दारू घेतली?” डॉक्टरणीनं विचारलं.

मी ताठ उभी राहिले. “थेंबही नाही. मी स्वतः दारात बसले होते. फक्त पानक.”

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग काकांच्या तोंडाकडे वाकली आणि लगेच सरळ झाली. “ताई, ह्यांच्या तोंडाजवळ काडी ओढू नका.”

 मी तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

“मी थोडीशी ब्रँडी घातली,” आत्या उदबत्तीकडे बघत म्हणाली. “कषायाच्या बाटलीतून. नमस्कार करताना. पानकावर कसा राहील तो?”

“मी रम,” काकू म्हणाली. “गडूत होती.”

“गंगाजळात?”

“गंगाजळ नव्हतंच. फडकं तेवढं काशीचं.”

काका खाटेवरून क्षीण आवाजात म्हणाले, “माझी व्हिस्की होती. धोतराच्या ओच्यात. थर्मास तुझ्यासाठी होता, वसू.”

तर ते हुंदके असे होते. तिघांनी, एकमेकांना न कळू देता, माझ्या पानकात तीन तऱ्हेची दारू ओतली होती आणि गुळाच्या रंगानं सगळं पोटात घेतलं होतं. आणि काकांनी, फक्त आपलीच व्हिस्की आहे असं समजून, अण्णानं वरून भर घातली म्हणून गहिवरून, तांब्या संपवला होता.

डॉक्टरीण हसली नाही. तिची ती सवयीची गोष्ट दिसली. “महालय आहे ना? सकाळपासून पितरांचं उरलेलं संपवलेली माणसं येतायत. एकदम एवढी पोटात गेली की धडधाकट माणसाचाही ठोका भरकटतो. ह्यांचा संध्याकाळपर्यंत परत रांगेत येईल, बहुतेक येतो. पण रोज पिणाऱ्याचा पुन्हा पुन्हा भरकटतो. आणि मग गुठळ्यांची भीती. रोज घेतात का?”

“नाही हो,” काका म्हणाले. “सोबत म्हणून.”

“कुणाला सोबत?”

“अण्णाला.”

“ते कुठं असतात?”

“ह्याच्याच अंगात,” आत्यानं सांगितलं.

डॉक्टरणीनं पेन खाली ठेवलं.

मला मात्र वेगळंच ऐकू आलं होतं. “काका,” मी म्हटलं, “अप्पांनी तर सोडली होती. मग सोबत कसली?”

काकांनी डोळे मिटले. तारा लावलेल्या माणसाला खोटं बोलायची भीती वाटते, यंत्र बघत असतं. “सोडली कुठं?” ते म्हणाले. “दुकानात बसायचो आम्ही. ट्रंकेत ट्रंक, तिच्यात ट्रंक असते ना, सगळ्यात आतल्या धाकटीत बाटली. तू घरभर शोधायचीस, तो मला येऊन सांगायचा आणि आम्ही हसायचो. शेवटपर्यंत घेत होता. एक दिवस चुकला नाही.”

दुकानातून येताना अप्पा वेलदोडा चघळत यायचे. मला वाटायचं, माझ्यासाठी तोंड छान ठेवतात.

“तू नव्हतं तोडलंस काही,” काका म्हणाले. मग डोळे उघडून छताकडे बघत म्हणाले, “तो गेल्यावरही मी दोन ग्लास भरतो. त्याचा तसाच ठेवायचा म्हणतो. मग दुकान बंद करायची वेळ होते, आणि तो तसा भरलेला बघवत नाही. म्हणून त्याचाही मीच घेतो.”

काकूनं डोक्यावरचा पदर खाली घेतला आणि नवऱ्याचा हात धरला.

हे ऐकलं की मला हलकं वाटेल, असं वर्षभर वाटत होतं. तसं काही झालं नाही. मला राग आला. अप्पांचा, काकांचा, त्या धाकट्या ट्रंकेचा. बाप मेल्यावरही त्याच्यावर रागावता येतं, फक्त त्याला ऐकवता येत नाही. ऐकवायला आत्या होती.

“वसू,” ती अगदी मऊ आवाजात म्हणाली, “तुला पाणी हवंय का?”

गोजराबाई आत्यानं जन्मात याहून मोठी माफी कुणाची मागितली नसेल. पण मला पाणी नको होतं.

“तेराव्याला काय म्हणाली होतीस?” मी विचारलं. “भर पंगतीत?”

“जाऊ दे गं.”

“नाही जाऊ देणार. पंगतीत म्हणालीस, आता इथं म्हण. तोडलं होतं मी?”

आत्यानं इकडंतिकडं पाहिलं. “नव्हतं तोडलं.”

“ऐकू नाही आलं.”

“नव्हतं तोडलंस!” आत्या ओरडली, आणि अख्खा वॉर्ड आमच्याकडे वळला. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं आपले पाय बघून घेतले आणि विचारलं, “कुणाचं काय तोडलं?”

संध्याकाळी काकांचा ठोका रांगेत आला. मी मनगट धरून बसले होते. एकेक ठोका शहाण्यासारखा पडत होता, आणि अप्पांची नाडी माझ्या बोटांखालून हळूहळू निघून गेली.

येसाजी काकांनी त्या दिवसापासून पिणं सोडलं. खरोखर सोडलं, धाकट्या ट्रंकेत आता किल्ल्या असतात, मी बघून आले. तुम्ही म्हणाल, अखेर माझं ऐकलं. छे. आत्यानं सगळ्या चामराजपेटेत सांगितलंय की अण्णा स्वतः आला, रिक्षात बसला, भावाला दवाखान्यात नेलं आणि बजावलं, पिऊ नकोस. मी घसा फोडून जे सांगत होते ते कुणी मनावर घेतलं नाही, आणि ज्यानं आयुष्यभर बाटली सोडली नाही त्याचं एका दुपारी सगळ्यांनी ऐकलं. ह्या वर्षीच्या एडेला तर आत्याच खुर्ची टाकून दारात बसली होती. तिनं माझं पानक हुंगलं आणि मला म्हणाली, “बघते हो. अण्णाला चालत नाही.”

एक तेवढं माझ्याकडे राहिलंय. काकांना तपासणीला जायचं असलं की ते ऐकत नाहीत, आणि काकू मला बोलावते. मी जाते, चपला पुढं ठेवते, म्हणते, “अप्पा, चला.” काका निमूट उठतात. जन्मभर ह्या हाकेला एकदाही न उठलेला माणूस आता रिक्षात माझ्या आधी जाऊन बसतो.